उत्तर महाराष्ट्रातल्या खर्चाचा जाब विधानसभेत कसा विचारायचा : आमदारांच्या नव्या सहायकासाठी

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की आमदारांच्या कार्यालयात कागदांचा ढीग पडतो. निवेदनं, वर्तमानपत्रांची कात्रणं, मोबाइलवर आलेले फोटो, आणि प्रत्येकाबरोबर एकच आग्रह: "भाऊ, हा विषय सभागृहात लावाच." नवा सहायक त्या ढिगातून भराभर पन्नास प्रश्न तयार करतो. मग छापील उत्तरं हातात येतात. "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही." गावात ज्यांनी आशेने निवेदन दिलेलं असतं, त्यांना काय सांगायचं ते कुणालाच सुचत नाही.

खान्देशातल्या एका आमदारांच्या कार्यालयात मी काही वर्षं हे काम केलं. सुरुवातीचे माझे बहुतेक प्रश्न असेच वाया गेले. नंदुरबार, धुळे, जळगाव किंवा नाशिककडच्या एखाद्या आमदारांकडे तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, किंवा गावातून आमदारांना विषय पुरवणारे कार्यकर्ते असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी आपला भाग कागदावर शोधा

अर्थसंकल्पात 'उत्तर महाराष्ट्र' अशी ओळ नसते. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला. १९९४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार विकास मंडळं स्थापन झाली. ती तीन होती: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. खान्देश गेला 'उर्वरित'मध्ये, मुंबई-पुण्याच्या रांगेत. त्यामुळे मुंबईचे आकडे आणि नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याचे आकडे एकाच सरासरीत मिसळतात, आणि सरासरी काढली की अक्कलकुवा दिसेनासा होतो. मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली.

विभागवार आकडे मागितले तरी तेच होतं. नाशिक महसूल विभागात नाशिक आणि अहिल्यानगर असे दोन मोठे जिल्हे आहेत आणि त्यांच्या आड नंदुरबार झाकला जातो. नंदुरबार हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात जवळपास ६९ टक्के आदिवासी. विधानसभेच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आहे.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: कोणताही आकडा मागताना विभागवार मागू नका, जिल्हावार मागा. जिल्हावार मिळत असेल तर तालुकावार मागा. "उत्तर महाराष्ट्रावर अन्याय होतो" या वाक्यावर भाषण होऊ शकतं, पण त्यावर मंत्र्यांना अडवता येत नाही. "नंदुरबारच्या अक्राणी तालुक्याला या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या या ओळीखाली) किती मिळाले आणि किती खर्ची पडले" यावर त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

एकच काम धरा

सगळ्यात अवघड पायरी हीच. आमदारांना वाटतं सगळ्यांचे विषय यावेत, कार्यकर्त्यांना वाटतं आपला विषय यावा. तुम्ही मात्र प्रत्येक अधिवेशनासाठी दोन-तीन विषय असे निवडा, ज्यांच्या मुळाशी जाता येईल. बाकीचे जाऊ द्यात प्रश्नांच्या यादीत, पण तुमची मेहनत या दोन-तीनांवर लागली पाहिजे.

विषय निवडताना स्वतःला विचारा: यात पैसा नक्की कुठल्या खात्याचा आहे? काम कुठे आहे, पायी जाऊन पाहता येईल का? आणि कुठली तारीख चुकली आहे? या तिन्हींची उत्तरं असतील तर तो विषय घ्या. "कुपोषण वाढले आहे" हा विषय फार गंभीर आहे, पण प्रश्न म्हणून तो निसटता आहे. "अमुक प्रकल्पातल्या अंगणवाड्यांना अमृत आहार योजनेचे पैसे अमुक महिन्यांपासून मिळालेले नाहीत" हा त्याच दुखण्यावरचा, पण पकडीत येणारा प्रश्न. ही योजना २०१५ च्या अखेरीस आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यासाठी सुरू झाली. पैसे थकले तर स्वयंपाक कोण करतं, उधारीवर धान्य कोण आणतं, हे अंगणवाडीताई सांगतील.

आमचा एक जुना प्रश्न आठवतो. आम्ही लिहिलं होतं, "जिल्ह्यातील आश्रमशाळांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?" उत्तर आलं, "हे खरे नाही." पुढच्या अधिवेशनात आम्ही एकच शाळा घेतली. मुली किती, स्नानगृहं किती, त्यातली किती बंद, आणि हे आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाच्या स्वतःच्या तपासणी अहवालात कोणत्या तारखेला नोंदवलंय, एवढंच लिहिलं. या वेळी उत्तर आलं, "हे खरे आहे." त्या तीन शब्दांनंतर दुरुस्तीचा प्रस्ताव हलला. दरम्यान एक अख्खा पावसाळा त्या मुलींनी तशाच काढला होता. पहिल्यांदाच नीट विचारलं असतं तर तो वाचला असता, हे मला आजही डाचतं.

पैशाचा माग: लेखाशीर्ष वाचायला शिका

अर्थसंकल्पाची पुस्तकं पाहून नवा माणूस घाबरतो. घाबरू नका, सगळी वाचायची नसतात. आपल्याला हवं असतं एक लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचा पत्ता.

पहिले चार अंक खर्चाचा विषय सांगतात आणि ते देशभर सारखेच असतात. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२२५ अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांचं कल्याण, २२३६ पोषण. सुरुवातीला २ किंवा ३ असेल तर तो महसुली खर्च. ४ किंवा ५ असेल तर भांडवली, म्हणजे काहीतरी उभं राहायला हवं. ५०५४ खाली पैसा गेला असेल तर कुठेतरी रस्ता किंवा पूल दिसला पाहिजे. त्यापुढे येणारा ७९६ हा आकडा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा: तो सांगतो की ही रक्कम आदिवासी उपयोजनेतली, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या निधीतली आहे. ७८९ असेल तर ती अनुसूचित जाती उपयोजनेची. आदिवासी विकास विभागाच्या शासन निर्णयांत 'मागणी क्रमांक टी-५' हे शब्द वारंवार दिसतील, तेही ओळखीचे करून घ्या.

शेवटचे दोन अंक खर्चाचं रूप सांगतात. ३१ म्हणजे सहायक अनुदान, ५३ म्हणजे मोठी बांधकामं. 'भारित' खर्चावर सभागृह चर्चा करू शकतं, मतदान करू शकत नाही. 'दत्तमत' खर्च मात्र आमदारांच्या मतानेच मंजूर होतो.

एक सावधगिरी. या पुस्तकांत आकडे हजारात असतात. ३३,५७,००० असं दिसलं तर ते तेहतीस लाख रुपये नव्हेत, ते ३३५ कोटी ७० लाख. सभागृहात हा घोटाळा झाला तर समोरचा मंत्री त्या एका चुकीवर सगळा विषय हसण्यावारी नेतो. प्रत्येक आकड्यापुढे 'हजार', 'लाख' की 'कोटी' हे हाताने लिहून ठेवा.

मग बीम्स या राज्य शासनाच्या अर्थसंकल्पाच्या ऑनलाइन प्रणालीवर जा. तिथे तरतूद किती, त्यातली वितरित किती आणि खर्च किती, हे दिसतं. या तीन आकड्यांमधल्या फटीतच खरे प्रश्न दडलेले असतात. तरतूद भरपूर आणि वितरण तोकडं असेल तर प्रश्न वित्त विभागाला. वितरण झालंय पण खर्च नाही, तर प्रश्न खात्याला. फेब्रुवारीपर्यंत जेमतेम आणि ३१ मार्चला एकदम सगळा खर्च, तर शेवटच्या पंधरवड्यातली देयकं मागा. आणि खर्च पूर्ण दिसतोय पण गावात काहीच नाही, तर विचारा की पैसा कोषागारातून निघून कुठल्या खात्यात पडून आहे. कोषागारातून काढलेली रक्कम महामंडळाच्या किंवा स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या सरकारी ठेव खात्यात) जमा होते आणि कागदावर ती 'खर्च' म्हणून दिसते. अशा पडून राहिलेल्या रकमा आणि न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रं यांवर कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांत वेळोवेळी ताशेरे येतात. कॅगचे राज्याचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार विधानमंडळापुढे ठेवले जातात. आपल्या जिल्ह्याचं नाव शोधून तेवढी पानं काढून ठेवली तरी वर्षभराचं सामान होतं.

जिल्हा पातळीवरचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. जिल्हा नियोजन समिती, जिला सगळे अजून डीपीडीसी म्हणतात, तिच्यात सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे तीन प्रवाह असतात. पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि आमदार तिथे बसतात. मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि अनुपालन अहवाल मिळवा. ज्याचं उत्तर तिथे मिळू शकतं, त्यासाठी विधानसभेचा प्रश्न खर्ची घालू नका.

मग गाडी काढा

कागद जमले की जागेवर जा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. मोलगी, धडगाव, तोरणमाळच्या बाजूला निघालात तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. नर्मदाकाठच्या गावांना जायला बोट लागते. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, आणि काठावर उरलेल्या वस्त्यांना दवाखानासुद्धा पाण्यावरूनच येतो.

सोबत कामाची कागदपत्रं न्या: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश. मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळाली तर उत्तम. आमदारांच्या पत्रावर मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवस लागतात, म्हणून अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे, मधल्या शांत महिन्यांत करा. अंदाजपत्रकात रस्ता किती लांबीचा, जागेवर किती? पाड्याचं नाव तेच आहे ना? एकाच रस्त्याचे तुकडे पाडून लहान लहान कामं केली आहेत का, म्हणजे ई-निविदेची मर्यादा चुकवता येते? दोषदायित्व कालावधी संपायला किती दिवस उरलेत? तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि हा प्रश्न मुदत संपण्याआधीच विचारावा लागतो.

लोकांशी त्यांच्या भाषेत बोला. सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणारा कुणी बरोबर हवा. मराठीत विचारलं की माणसं "हो साहेब" म्हणून मोकळी होतात. स्वतःच्या बोलीत मात्र त्या बाया सांगतात की नळ उद्घाटनाच्या दिवशी आला होता आणि नंतर आलाच नाही.

प्रश्नाचा मसुदा

आता मुख्य कारागिरी. विधानसभेच्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो आणि त्यातच एक खाच आहे. नवखे नेमके तिथेच अडखळतात. हा मसुदा बघा:

(१) अक्राणी तालुक्यातील अमुक गावाच्या पाड्यांमध्ये नळपाणीपुरवठा योजनेत मोठा गैरव्यवहार झाला आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, या योजनेवर किती खर्च झाला;
(३) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

खाते पहिल्या भागाला "हे खरे नाही" म्हणेल. गैरव्यवहार सिद्ध झालेला नाही, त्यामुळे त्यांना तसं म्हणता येतं. दुसरा आणि तिसरा भाग 'असल्यास' ने सुरू होतो, म्हणजे तिथे "प्रश्न उद्भवत नाही." चौथ्यालाही तेच. चार ओळींत तुमचा विषय संपला, आणि खर्चाचा आकडाही मिळाला नाही, जो खरं तर लपवण्यासारखाही नव्हता.

आता तोच विषय असा लिहा:

(१) अक्राणी तालुक्यातील अमुक गावाच्या अमुक पाड्यांसाठी जलजीवन मिशनअंतर्गत मंजूर योजनेचे काम माहे अमुक मध्ये पूर्ण झाल्याची नोंद आहे, हे खरे आहे काय;
(२) या योजनेची मंजूर किंमत किती, आजपर्यंत किती रक्कम अदा करण्यात आली व अंतिम देयक कोणत्या दिनांकास देण्यात आले;
(३) काम पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वी त्रयस्थ तपासणी झाली होती काय, तिचे निष्कर्ष काय आहेत;
(४) सद्यःस्थितीत या पाड्यांना प्रतिदिन दरडोई ५५ लिटर पाणीपुरवठा होत आहे काय, नसल्यास त्याची कारणे व पुरवठा सुरू होण्याचा दिनांक काय?

पहिला भाग त्यांच्याच नोंदीतला आहे. तो नाकारला तर त्यांचीच नोंद खोटी ठरते आणि मान्य केला तर चौथा भाग गळ्याशी येतो. दुसऱ्या-तिसऱ्या भागाला 'असल्यास' नाही, त्यामुळे ते पहिल्यावर लटकत नाहीत. ५५ लिटर हा मिशनचाच निकष आहे. संपूर्ण प्रश्नात आरोपाचा एक शब्द नाही. आरोप सभागृहात, उत्तर हातात आल्यावर करायचा.

काही गोष्टी झटपट सांगतो. न्यायप्रविष्ट बाबींवर प्रश्न स्वीकारला जात नाही. मत मागणारा, तर्क करणारा, फार लांबलचक प्रश्न अध्यक्षांच्या अधिकारात नाकारला जाऊ शकतो. केंद्राचा विषय इथे चालत नाही. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, ते काम रेल्वेचं. पण धुळे जिल्ह्यातल्या भूसंपादनाची प्रक्रिया राज्याचे महसूल अधिकारी करतात, तेव्हा तेवढ्यापुरता प्रश्न लावता येतो. प्रश्न देण्याच्या अंतिम तारखा विधानमंडळ सचिवालय कळवतं. त्या अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी असतात आणि एकदा चुकल्या की चुकल्या.

कोणतं आयुध कशासाठी

सभागृहात यांना 'संसदीय आयुधे' म्हणतात. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. पण यादीत वरचा क्रमांक लागला तरच, नाहीतर छापील उत्तरावर समाधान. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर. नवखे त्याला कमी लेखतात. आकडे, तक्ते, गाववार याद्या हव्या असतील तर अतारांकितच योग्य. विधानसभेच्या नियमांतल्या नियम १०५ ची लक्षवेधी सूचना ताज्या, तातडीच्या घटनेसाठी: साथ, पूल वाहून जाणं, आश्रमशाळेतली दुर्घटना. आधीच्या उत्तरातून नवा मुद्दा निघाला तर नियम ९४ ची अर्धा तास चर्चा. नियम २९३ च्या प्रस्तावावर संपूर्ण प्रदेशाचं धोरण मांडता येतं, तिथे आकड्यांसोबत भूमिका लागते.

अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांवर, म्हणजे त्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, कपात सूचना देता येते. शंभर रुपयांची कपात सुचवायची आणि त्या निमित्ताने आपल्या तालुक्याचं गाऱ्हाणं नोंदवायचं. बऱ्याच मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना मताला टाकल्या जातात, तरी कपात सूचनेत लिहिलेला मजकूर कागदावर राहतो. आमदार एखाद्या समितीवर असतील तर ती संधी फार मोलाची. लोकलेखा समिती, अंदाज समिती किंवा अनुसूचित जमाती कल्याण समितीपुढे सचिव स्वतः साक्षीला बसतात, आणि तिथे "प्रश्न उद्भवत नाही" असं म्हणून सुटता येत नाही.

मोठे प्रकल्प : 'सुप्रमा' हा शब्द

तापीकाठच्या आमदारांसाठी हा भाग वेगळा लिहितो, कारण खान्देशातला सगळ्यात मोठा पैसा पाटबंधाऱ्यात अडकलेला आहे. अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे इथला निम्न तापी प्रकल्प बघा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याची मूळ मान्यता साधारण १४२ कोटींची होती, आणि २०२३ च्या सुधारित मान्यतेत ती ४,८०० कोटींच्या पुढे गेली. या सुधारित प्रशासकीय मान्यतेलाच सगळे 'सुप्रमा' म्हणतात.

"प्रकल्प कधी पूर्ण होणार" असं विचारलं की "निधीच्या उपलब्धतेनुसार" असं उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा सुप्रमाच्या आत शिरा. किंमतवाढ कारणांनुसार फोडून दाखवलेली असते: दरसूचीतला (सरकारी दरपत्रकातला) बदल, भूसंपादन, संकल्पचित्रातला बदल, व्याप्तीतला बदल, इतर. प्रत्येक कारणाचा आकडा मागा. दरसूचीमुळे झालेली वाढ ही बहुतांशी दिरंगाईची किंमत असते, मग विचारा की कोणत्या वर्षी किती मागणी होती आणि किती निधी मिळाला. व्याप्ती बदलली असेल तर कोणी, कधी, कशासाठी बदलली.

आणि पाणी अडलं म्हणजे काम झालं असं धरू नका. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज उभे राहिले, पाणी तुडुंब भरलं. पण ते शेतात चढवणाऱ्या उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. काठावरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर पाणी आणि पायाखाली कोरडी जमीन. म्हणून 'निर्मित सिंचनक्षमता' हा आकडा मिळाला की लगेच 'प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र' मागा. २०१२ मध्ये राज्याच्या सिंचनावरून जो गदारोळ झाला आणि श्वेतपत्रिका निघाली, त्याच्या मुळाशी खर्च झालेला पैसा आणि प्रत्यक्ष वाढलेलं सिंचन यांतलं अंतर होतं.

वळवलेला पैसा

पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा निधीची, पुस्तिका आली की आदिवासी उपयोजनेची पानं आधी उघडा. आपल्याकडच्या पुरवणी मागण्या लहानसहान नसतात. जून-जुलै २०२४ च्या अधिवेशनात त्या ९४,८८९ कोटींच्या होत्या. एवढ्या मोठ्या रकमेत आपल्या जिल्ह्याचं एखादं लेखाशीर्ष कधी वाढलं, कधी आटलं, ते चटकन दिसत नाही.

लोकसंख्येच्या प्रमाणात आदिवासींसाठी निधी राखून ठेवायचं धोरण महाराष्ट्राने सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर, १९९३-९४ पासून स्वीकारलं. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी ९.३५ टक्के. २०२५-२६ साठी आदिवासी घटक कार्यक्रमाला (उपयोजनेचंच हे नवं नाव) २१,४९५ कोटी दाखवण्यात आले. मग मे २०२५ मध्ये बातमी आली की लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाकडून ३३५ कोटी ७० लाख महिला व बालविकासकडे गेले. सामाजिक न्याय विभागाचेही ४१० कोटी ३० लाख गेले, आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी की योजनेच्या लाभार्थींत आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या महिला आहेत आणि त्यांच्यासाठीची तरतूद त्या त्या घटकातून केली आहे.

माझं मत स्पष्ट आहे: उपयोजनेचा पैसा आदिवासी वस्तीतल्या शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी यांची तूट भरण्यासाठी आहे, सगळ्यांसाठीच्या योजनेचा वाटा उचलण्यासाठी नाही. पण सभागृहात माझं मत चालत नाही, आमदारांचा प्रश्न चालतो. तो असा असावा: या रकमेतून कोणत्या जिल्ह्यात किती आदिवासी महिलांना लाभ मिळाला, आणि ही तरतूद केल्यामुळे उपयोजनेतल्या कोणत्या योजनांची तरतूद मागच्या वर्षीपेक्षा कमी झाली? पंधराशे रुपये मिळणाऱ्या बाईला दोषी ठरवेल असं एकही वाक्य त्यात येऊ देऊ नका. तिला ते हवेच आहेत, आणि तिच्या मुलीला वसतिगृहही हवं आहे.

उत्तर हातात आल्यावर

छापील उत्तर प्रश्नोत्तराच्या तासाच्या थोडं आधी मिळतं, तेव्हा वेळ थोडा असतो. "अंशतः खरे आहे" असेल तर उपप्रश्न एकच: कोणता अंश खरा? "कार्यवाही सुरू आहे" असेल तर कोणत्या तारखेला सुरू झाली आणि कुणाच्या टेबलावर आहे, ते विचारायचं. "चौकशी सुरू आहे" असेल तर अहवालाची मुदत मागायची. "माहिती घेण्यात येत आहे" असं असेल तर आमदारांनी अध्यक्षांना प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करावी. आमदारांच्या हातात फाइल देऊ नका. एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन उपप्रश्न आणि तीन आकडे द्या. मंत्र्यांनी "आठ दिवसांत बैठक घेतो", "तीस दिवसांत चौकशी करतो" असं म्हटलं की तो दिनांक लगेच वहीत लिहा. ते आश्वासन आहे आणि विधानमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. कार्यवृत्तातलं ते वाक्य काढून पत्र तयार ठेवा.

आयते प्रश्न

एक दिवस तुमच्याकडे एखादा सुटाबुटातला माणूस टंकलिखित प्रश्न घेऊन येईल. कागदपत्रं इतकी चोख असतील की तुम्हाला हायसं वाटेल. तेव्हा थांबा. बऱ्याचदा तो हरलेल्या ठेकेदाराने जिंकलेल्यावर सोडलेला बाण असतो, आणि पुढच्या आठवड्यात जिंकलेलाही तो प्रश्न मागे घ्यायला सांगायला येतो. विषय खरा असू शकतो. तुम्ही स्वतः जागेवर जाऊन तपासा, स्वतः लिहा आणि त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची संसदेतून हकालपट्टी झाली. ४ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेतली तर विशेषाधिकाराचं संरक्षण मिळत नाही.

उत्तर गावात परत न्या

अधिवेशन संपलं की सगळे दमलेले असतात, आणि हीच पायरी सुटते. छापील उत्तराच्या प्रती काढा आणि ज्या पाड्याने निवेदन दिलं त्या पाड्यावर घेऊन जा. ग्रामसभेच्या दिवशी गेलात तर चांगलं. उत्तर ओळीने वाचून दाखवा, बोलीत समजावून सांगा. "अमुक दिनांकापासून पुरवठा सुरळीत सुरू आहे" हे वाक्य वाचलं की समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी उठतं आणि तुम्हाला हाताला धरून टाकीपाशी नेतं. टाकीचा फोटो तारखेसह घ्या, ग्रामसभेचा ठराव करून त्याची सही-शिक्क्याची प्रत मागा, आणि पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा पहिला भाग तिथेच, त्या ओट्यावर बसून लिहायला घ्या.